आई गोळी घेत नाही, गुडघा वाकत नाही

पत्र थोडक्यात: पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. त्यांच्या आई ६७ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या गावी राहणाऱ्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या. आईंचा उजवा गुडघा पुण्यात बदलला. पत्र लिहिलं तो ऑपरेशननंतरचा २४ वा दिवस. पहिला दिवस आरामात गेला, दुसऱ्या दिवशी मात्र दुखण्यानं जीव नकोसा झाला आणि त्याचा धसका आईंनी घेतला तो घेतलाच. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट पाय वाकवू लागले की त्या रडतात. गुडघा ६५ अंशांपुढे जात नाही. परवा अंथरूण आवरताना उशीच्या अभ्र्यात चष्म्याची जुनी डबी सापडली. आत वेदनाशामकाच्या १९ गोळ्या. आई म्हणाल्या, "शेजारच्या आक्कांच्या किडन्या याच गोळ्यांनी गेल्या. आणि सवय लागली की सुटत नाही." गावाकडची मावशी फोनवर बजावते, 'महिनाभर पडून राहू दे तिला.' धाकटी बहीण म्हणते, 'तू आईला छळतेस.' ताई विचारतात: "आई आयुष्यभर सोशिक, पण याच बाबतीत हट्टी झाली आहे. मी जबरदस्ती करू की तिच्या कलानं घेऊ? डावा गुडघाही करायचाय आणि ती म्हणते, मेले तरी नाही."

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन ओळींत कळवलं होतं, की सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट बघू नका, सर्जनना उद्या सकाळीच फोन करा. तो झाला असेल असं धरून आता सविस्तर लिहिते. मी भूलतज्ज्ञ आहे. थिएटरच्या आत आणि बाहेर माणसाचं दुखणं कमी करणं हेच माझं इतक्या वर्षांचं काम. तरीही आईंची औषधं कोणती आणि किती हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळावं, म्हणून हे उत्तर.

आधी त्या चष्म्याच्या डबीबद्दल. तुम्ही लिहिता, आई हट्टी आहे. मला ती डबी वेगळं काही सांगते. हट्टी माणूस तोंडावर 'नाही घेत जा' म्हणतो. तुमच्या आईंनी गोळी तुमच्या हातून घेतली, वर पाणी प्यायल्या आणि तुम्ही वळल्यावर ती डबीत टाकली. लेकीचं मन मोडायचं नाही आणि किडनीही घालवायची नाही, यातून त्यांनी काढलेली ही वाट. अशी १९ वेळा. भरल्या घरात त्या १९ वेळा एकट्याच घाबरल्या, हे मला वाचताना लागलं.

आणि त्यांची भीती उगाचची नाही. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या खाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांतल्या काहींच्या किडन्या खरोखर खराब झालेल्याही पाहिल्या आहेत. आक्कांचं तसंच झालं असेल. तेव्हा आईंना 'काही होत नाही गं, घे तू' असं म्हणू नका. तुझं अर्धं खरं आहे, हे आधी कबूल करा. मग उरलेलं अर्धं सांगा.

ते असं, की सगळ्या वेदनाशामक गोळ्या एका जातीच्या नसतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब ही एक जात. सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारी, म्हणून ऑपरेशननंतर उपयोगी. पण किडनीकडे जाणारं रक्त ज्यामुळे नीट वाहतं ती यंत्रणाच या गोळ्या अडवतात. तरुण, धडधाकट माणसाला चार-पाच दिवस त्याचं काही वाटत नाही. वय झालेलं, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू, त्यात लघवी वाढवणारं औषध, आणि उठून जायला नको म्हणून पाणीही कमी प्यायलेलं, असं सगळं जुळून आलं की धोका खरा असतो. पोटात अल्सर होऊ शकतो. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणून या जातीची गोळी आईंना द्यायची की नाही, दिली तर किती दिवस, हे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही, मी किंवा मेडिकलवाल्यानं नाही.

पॅरासिटामॉल ही वेगळी जात. ठरल्या मापात घेतली तर किडनीच्या बाबतीत ती आक्कांच्या गोळ्यांसारखी नाही. तिचं भय यकृताला, तेही माप ओलांडलं तर. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीही जायचं नाही. वजन कमी असेल, वय झालं असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली. चूक होते ती 'सगळं मिळून' या दोन शब्दांत. आपल्याकडे पॅरासिटामॉल कितीतरी जोडगोळ्यांमध्ये असतं, असिक्लोफिनॅकबरोबर, ट्रॅमाडॉलबरोबर, सर्दीच्या गोळीतही. वर तापासाठी म्हणून वेगळी गोळी दिली की बेरीज चढत जाते. आज रात्री आईंच्या सगळ्या पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं भिंगातून वाचा आणि कुठल्या गोळीत काय काय आहे ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मी प्रत्येक घराला ते सांगते.

तिसरी जात ट्रॅमाडॉलची, अफूच्या गणगोतातली. सवयीची भीती खरी आहे ती इथे. म्हणून तर २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पण आपण 'सवय' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. जखम ताजी आहे म्हणून गोळी लागणं, आणि जखम भरली तरी मन गोळी मागत राहणं. पहिलीला सवय म्हणू नये. मोडलेल्या पायाला काठी लागते तशी ती लागते, आणि पाय भरला की काठी कोपऱ्यात जाते. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या, थोड्या दिवसांपुरत्या, हळूहळू कमी करत बंद केल्या, तर दुसरी वेळ क्वचित येते. ट्रॅमाडॉलचा रोजचा त्रास निराळा असतो: मळमळ, गरगरणं आणि बद्धकोष्ठता. म्हणून रात्री बाथरूमला एकटीनं उठायचं नाही, आणि गोळी सुरू झाली त्याच दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी. तीन दिवस शौचाला न होणं हे गुडघ्याइतकंच माणसाला हैराण करतं, पण लाजेखातर कोणी बोलत नाही.

आता 'सोशिक' या शब्दाकडे येते. पत्रात तुम्ही तो कौतुकानं लिहिला आहे. आपल्याकडे बाईची थोरवी सांगताना हेच शब्द येतात: सोशिक, कधी तोंडातून हूं नाही, दुखणं अंगावर काढलं पण कोणाला कळू दिलं नाही. तुमच्या आईंनी घरातल्या सगळ्यांचं करताना कितीतरी दुखणी अशी अंगावर काढली असतील आणि ती निभावलीही असतील, कारण त्या दुखण्यांना फक्त वेळ जाऊ द्यायचा होता. हा गुडघा तसा नाही. इथे वेळ आपल्या बाजूनं नाही.

मागे हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका वॉर्डात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "काका, दुखतंय का?" म्हणाले, "नाही मॅडम, मस्त आहे." पण चादरीखाली त्यांच्या हातानं पलंगाची दांडी इतकी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. म्हटलं, "जरा खोकून दाखवा." त्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिला. छातीत कफ घरघरत होता. रात्रभर तो त्यांनी खोकून काढलाच नव्हता, कारण खोकलं की टाक्यांतून कळ जायची. दोन दिवस असंच गेलं असतं तर न्यूमोनिया झाला असता आणि घरच्यांनी म्हटलं असतं, हर्निया बरा झाला पण छातीनं घोटाळा केला. तेव्हापासून 'दुखतंय का' या प्रश्नावर मी कधी थांबत नाही. दुखण्यामुळे काय करता येत नाही, ते विचारते.

तुम्हीही तेच विचारा. रात्री कूस बदलता आली का? खुर्चीतून उठताना कितीदा बेत करावा लागला? दाराशी जाऊन परत येताना मध्ये थांबलात का? या उत्तरांना 'बरंय गं' म्हणून टाळता येत नाही.

गुडघ्याला घाई का, तेही आईंना सांगायला हवं. ऑपरेशननंतर शरीर आतून जखम भरतं, तेव्हा सांध्यात पापुद्रे धरतात. सांधा हलत राहिला तर ते ताणले जाऊन मऊ राहतात. पडून राहिला तर घट्ट होतात आणि मग गुडघा जिथे आहे तिथेच अडतो. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ अंश पुरतात, म्हणून आई घरात चालतात आणि सगळ्यांना वाटतं चाललंय की. जिना चढायला ८५-९० लागतात. खुर्चीतून हाताच्या रेट्याशिवाय उठायला त्याहून थोडे जास्त. २४ व्या दिवशी ६५ हा आकडा मागे आहे; हातातून गेलेला मात्र नाही. पुढचे काही आठवडे नीट गेले तर बहुतेकांचा गुडघा पुढे सरकतो. नाहीच सरकला तर साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करण्याचा पर्याय सर्जन सुचवू शकतात. त्यासाठी मीही भूल दिली आहे. उपयोगी उपाय आहे, पण त्यानंतरही व्यायाम हाच करावा लागतो, दुखणंही हेच असतं. मग तो आत्ताच का नको?

मावशींवर रागावू नका. पडून राहा, हा एके काळी डॉक्टरांचाच सल्ला होता. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात याच गोष्टीचा पिच्छा पुरवला, की ऑपरेशननंतर माणूस इतके दिवस अंथरुणात का अडकतो? दुखणं चांगलं आवरलं, लवकर खायला दिलं आणि लवकर उठवलं, तर माणूस लवकर सावरतो, हे त्यांनी आणि त्यांच्यामागून इतरांनी करून दाखवलं. आज गुडघा बदललेल्या माणसाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात ते यामुळे. त्यातला क्रम ध्यानात घ्या: दुखणं आवरलं, मग उठवलं. तुमच्या घरी पहिलं पाऊल वगळून दुसरं टाकलं जात होतं. आई रडणार नाही तर काय करतील?

म्हणूनच 'जबरदस्ती की कलानं' हा प्रश्न मला मुळात चुकीच्या जागी उभा वाटतो. फिजिओथेरपिस्ट ज्या पायाला हात लावत होते, त्या पायात औषधाचा अंशही नव्हता आणि ते त्यांना माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. अशा पायावर तुम्ही जबरदस्ती केली असती तरी आईंनी सांधा आणखी आवळला असता. कलानं घेतलं असतं तर तो तसाच अडला असता. आधी पायाचं दुखणं आवरा, मग बघू आई किती हट्टी आहेत ते.

त्यांच्याशी बोलताना 'दहापैकी किती दुखतंय' असं विचारू नका. त्या पिढीच्या कानाला तो परीक्षेचा प्रश्न वाटतो. रुपयात विचारा. चार आणे दुखतंय, आठ आणे, की बारा आणे? चार आण्यांवर व्यायाम सुरू करायचा. करताना आठ आण्यांपर्यंत गेलं तर चालेल, थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते उतरायला हवं. बारा आणे झालं की थांबायचं. रुपया भरेपर्यंत वाट बघायचीच नाही, कारण पुरतं चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं आणि वेळही जास्त. दुखायला लागल्यावर गोळी घेऊ, हा हिशेब पहिल्या काही आठवड्यांत उलटा पडतो तो असा.

आणि कसं दुखतंय तेही विचारा. आपल्या भाषेत त्यासाठी जितके शब्द आहेत तितके मला कुठल्या फॉर्मवर सापडले नाहीत, आणि प्रत्येक शब्द काही तरी सांगतो. ठणका म्हणजे बहुतेक वेळा सूज. पाय खाली सोडून बसलं की वाढतो, छातीच्या पातळीच्या वर ठेवला आणि बर्फ लावला की ओसरतो. वाकवताना समोरून लागते ती ओढ, सोडलं की सुटते. तिला घाबरायचं नाही, तिच्यातूनच अंश वाढतात. मांडीत भरून येते ती रग, म्हणजे कमजोर स्नायू कामाला लागला. आग, मुंग्या, अचानक जाणारी चमक या नसेच्या खुणा. डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्यावरची औषधं वेगळी असतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागणं मात्र नेहमीचं. जखमेपाशी ठसठस, वर लाली पसरतेय, पाणी किंवा पू येतोय, ताप आहे, असं असेल तर लगेच डॉक्टरांकडे. आई रडल्या म्हणून तुम्ही आजवर एकच गोष्ट ऐकलीत, 'दुखतंय'. आता शब्द विचारा.

दिवस कसा लावायचा, ते मी आमच्या पेशंटच्या घरच्यांना सांगते तसं सांगते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरावीक वेळी लिहून दिलं असेल तर ते घड्याळावर द्यायचं, दुखो न दुखो, रात्रीची गोळी धरून. सकाळची गोळी नाश्त्याबरोबर, त्यानंतर पाऊण तासानं पहिला व्यायाम. फिजिओथेरपिस्टना त्यांची यायची वेळ आधी विचारून घ्या आणि गोळी त्या हिशेबानं बसवा. तासभर एकदाच झगडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा बरी. व्यायामानंतर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, कातडीला थेट नाही. गरम पिशवीचा शेक आत्ता नको, तेलाची मालिशही नको. पोटरीवर तर अजिबात नको. तिथे गुठळी असेल तर रगडण्यानं ती सुटू शकते.

वाकवण्याची सूत्रं आईंच्या हातात द्या. खुर्चीवर बसवा, पायाखाली फरशीवर एखादं जुनं गुळगुळीत कापड ठेवा. टाच हळूहळू मागे ओढायची ती त्यांनी स्वतः. जिथे ओढ बसली तिथे थांबायचं, पाच संथ श्वास, मग जमलं तर आणखी बोटभर. त्या 'थांब' म्हणाल्या की सगळ्यांनी थांबायचं, फिजिओथेरपिस्टनीही, आणि हे त्यांच्यासमोर ठरवा. आपलं ऐकलं जाईल याची खात्री पटली की माणूस पाय आवळून धरत नाही. टाच जिथपर्यंत पोचली तिथे फरशीवर खडूनं रेघ मारा आणि तारीख लिहा. अंश आईंना दिसत नाहीत, रेघ दिसते. एका आजींनी आमच्याकडे तीन रेघा पुढे गेल्यावर सुनेला फरशी पुसू दिली नव्हती.

गुडघा सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं. बरं वाटतं म्हणून घरोघरी गुडघ्याखाली उशी देतात. ती काढा. उशीनं गुडघा वाकलेल्या अवस्थेत बसतो आणि मग उभं राहताना पाय कायमचा थोडा दुमडलेला राहतो. टॉवेलची गुंडाळी द्यायची ती टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं खाली जाईल. जागेपणी दर तासाला पावलं खाली-वर हलवायची, पोटऱ्यांतलं रक्त फिरतं राहावं म्हणून.

गोळी, आणे आणि व्यायामाच्या वेळा लिहायला नवी वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात लिहा, आणि जमेल तेव्हा आईंनाच लिहू द्या. मग 'गोळी घेतलीस का' असं तुम्हाला दिवसातून सहादा विचारावं लागणार नाही. गेले काही दिवस तुम्ही लेक कमी आणि पहारेकरी जास्त झाला आहात. तेही थकवणारं असतं. धाकट्या बहिणीला शनिवार-रविवार राहायला बोलवा. गोळ्या, बर्फ, व्यायाम, सगळं दोन दिवस तिच्याकडे द्या. भांडण्यासाठी नाही, तिलाही आईजवळ बसायला मिळावं म्हणून. लांबून फक्त रडणं ऐकू येतं.

पथ्याचं थोडक्यात: वांगं, बटाटा, डाळ, लिंबू यांनी टाके पिकत नाहीत. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्वही. भात-मेतकुटावर महिना काढू नका. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, मासळी. साखर असेल तर ती ताब्यात हवी.

काही गोष्टींसाठी मात्र कॅलेंडर, आणे सगळं बाजूला ठेवून लगेच निघायचं: एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, थंडी वाजून ताप, जखमेतून स्राव, काळी चिकट शी, लघवी एकदम कमी होणं. आणि उतरत आलेलं दुखणं कारण नसताना पुन्हा चढायला लागणं. या उलट, गुडघा गरम लागणं, संध्याकाळी सुजणं, चालताना टक-टक वाजणं, रात्री झोपमोड होणं, हे काही आठवडे, सूज तर काही महिने राहू शकते. त्यानं नवा गुडघा बिघडला असं होत नाही. तीन महिन्यांनंतरही दुखणं तसंच असेल तर ते वयाचं म्हणून सोडू नका, कारण शोधायला लावा.

सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्या वाचकांसाठी: खोकताना, हसताना, उठताना पोटाला उशी घट्ट धरा. झोपेतून थेट उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, मग हातानं रेटा देऊन उठा. बाळंतिणीला 'दूध पाजतेस, गोळी घेऊ नकोस' असं सांगून दुखण्यात ठेवलेलं मी फार पाहते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला सहसा चालतात. ट्रॅमाडॉल आणि कोडीन टाळतात. डॉक्टरांना 'मी पाजते' एवढं सांगायचं, ते त्यातून योग्य गोळी देतील. दुखत असलेल्या आईला बाळ नीट धरताही येत नाही.

राहिला डावा गुडघा. आत्ता तो विषय काढूच नका. उजवा जिना चढला की त्या आपण होऊन काढतील, किंवा नाही काढणार. गुडघा त्यांचा आहे. पण 'पहिला दिवस छान, दुसऱ्या दिवशी जीव गेला' याचं कारण त्यांना आजच सांगा, कारण त्यांनी मनात काही तरी बिघडल्याची गाठ मारली असणार. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये आम्ही बहुधा मांडीतल्या नसेजवळ किंवा सांध्याभोवती बधिर करणारं औषध देतो. त्याचा अंमल कित्येक तास, कधी दिवसभर टिकतो आणि मग उतरतो. तो उतरायच्या आधीच पोटातल्या गोळ्यांनी जागा घेतलेली असावी लागते. ते आधी सांगितलेलं नसलं की माणूस त्या रात्री दचकतो. यात आईंचं काही चुकलं नव्हतं आणि त्या कमीही पडल्या नव्हत्या.

पुढे कधी डाव्याचं ठरलंच, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी भूलतज्ज्ञांना भेटा. रक्तदाबाची गोळी, क्रिएटिनिनचा रिपोर्ट, आक्कांची गोष्ट आणि त्या डबीतल्या १९ गोळ्यांची गोष्ट, सगळं सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही. आणि या महिन्यांची कॅलेंडरची पानं फाडून टाकू नका. कुठल्या गोळीनं आठ आण्यांचे चार आणे झाले, कुठल्या गोळीनं मळमळलं, कितव्या दिवशी टाच कुठे पोचली, हे आईंच्या अक्षरात त्यांवर असेल. ती पानं घेऊन या.